मुंजाजीला न सापडलेला फॉल्ट

मुंजाजी मिस्तरी डिझेल चाखून पाहायचा.

प्यायचा नाही, चाखायचा. करंगळीचं टोक कॅनमध्ये बुडवून जिभेला लावायचा, डोळे मिटायचा आणि आचाऱ्याने आमटीची चव घ्यावी तशी ती तोंडात घोळवायचा. मग बाजूला थुंकून निकाल द्यायचा. "हे पंपावरून सीधं आलेलं न्हाई, मालक. मधी कुठंतरी ड्रमात मुक्काम केलाय यानं." चौकशी केली की मुक्काम निघायचाच. एकदा आमच्या ड्रायव्हरने आईची शपथ घेऊन सांगितलं, की डिझेल आज सकाळचं आहे. मुंजाजीने पुन्हा करंगळी बुडवली आणि म्हणाला, "डिझेल आजचंच हाय. पर कॅन तुझ्या घरचा हाय. याच्यात करडीचं तेल व्हतं." संध्याकाळी ड्रायव्हरची बायको कॅन शोधत गोदामावर आली.

मुंजाजीच्या दोन गोष्टी बोरीत अजून सांगतात. एक ही, डिझेलची. दुसरी अशी, की देवगाव फाट्याच्या एका लग्नात त्याच्या हलगर्जीपणाने जनरेटर बिघडला, नवरीच्या अंगावर काचा उडाल्या आणि भरल्या मांडवात त्याच्या कानाखाली बसली. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी मी रचलेली आहे. माझं वय आता शहात्तर. ही दुसरी गोष्ट तोंडाने दुरुस्त करायचा प्रयत्न मी केला, तो कसा फसला ते पुढे येईलच. म्हणून लिहितो आहे.

माझा बोरीत मंडपाचा धंदा. आता मुलगा पाहतो, पण चाळीस वर्षं मीच पाहिला. सतरंज्या, खुर्च्या, पडदे, कढया, दिव्यांच्या माळा, सगळं भाड्याने द्यायचं. त्यात मला एकदा हौस सुचली. सिनेमावाल्यांनी वापरून जुनी केलेली एक व्हॅनिटी व्हॅन एका दलालाने माझ्या गळ्यात मारली. बसएवढी गाडी आणि तिच्या पोटात अख्खं घर. पलंग, सोफा, मोरी, दोन एसी, हातभर स्वयंपाकघर आणि एक भलामोठा आरसा, ज्याच्या चारी बाजूंनी बल्ब. लग्नात नवरीला नटायला ही गाडी द्यायची, असा माझा विचार. गाडी आली त्या दिवशी निम्मी बोरी बघायला लोटली. एका म्हातारीने आत फेरी मारली, चूल कुठे म्हणून विचारलं, ती दाखवली, मोरी कुठे म्हणून विचारलं, ती दाखवली. मग तिने उंबरा कुठे म्हणून विचारलं. उंबरा नव्हता. म्हातारी नाक मुरडून उतरली.

दुसऱ्या दिवशी मुंजाजीने दारात सागाची चार बोटं उंच पट्टी ठोकली. तिला अडखळून पहिल्या महिन्यात तीन नवऱ्या, एक भटजी आणि मी स्वतः पडलो. पट्टी काही त्याने काढली नाही. "घर हाय तं उंबरा पायजेच," म्हणायचा. त्याला त्या गाडीचं इंग्रजी नाव कधी जमलं नाही, जमवायचंही नव्हतं. तो तिला घरच म्हणायचा, चपला खाली काढून आत जायचा आणि आत गेलेल्यांच्या चपला मोजायचा.

गाडीच्या पोटाखाली एका पेटीत डिझेलचा जनरेटर होता. सगळ्या घराची वीज त्याच्यावर. या जनरेटरला मुंजाजी सूनबाई म्हणायचा. त्याचं म्हणणं असं, की नव्या सुनेला एकदम पाण्याला, दळणाला आणि चुलीला पिटाळलं तर ती माहेरी निघून जाते. तसं जनरेटरचं आहे. एकेक काम सांगावं, मधे दम घेऊ द्यावा. त्याने पेंटरकडून बटणांच्या वर लाल रंगात लिहून घेतलं होतं, "आधी दिवे. मग पंखा. मग एक एसी. दम घेऊ द्या. मग दुसरा एसी." त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. त्यामुळे बाकीच्यांना येतं की नाही, याची तो खात्री करून घ्यायचा. प्रत्येक नवरीला आरशापुढे बसण्याआधी ते मोठ्याने वाचून दाखवावं लागे. शालू नेसलेल्या, हळदीने पिवळ्या झालेल्या पोरी "दम घेऊ द्या" असं लाजत लाजत म्हणायच्या आणि मुंजाजी खाली पेटीपाशी मान डोलवायचा.

बिघाड शोधायची त्याची रीत वेगळी होती. पाना हातात घ्यायच्या आधी तो प्रश्न विचारायचा. खाल्लं काय? म्हणजे डिझेल कसलं, गाळणीत कचरा आहे का. श्वास येतो का? म्हणजे हवेचा फिल्टर. ताप किती? तेव्हा तो इंजिनावर हाताची पालथी बाजू ठेवायचा, पोराच्या कपाळावर ठेवावी तशी. ओझं किती? म्हणजे वीज खाणारी यंत्रं किती जोडलीत. आणि सगळ्यात शेवटी, जवळ माणूस कोण होतं? "मशीन आपलं आपून बिघडत न्हाई, मालक. माणूस बिघडवतं." एवढं झाल्यावर पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो ऐकत बसायचा. बोरीतल्या गिरण्या, जिंतूरकडची मंगल कार्यालयं, सेलूकडचे आईस्क्रीमवाले, कुणाचाही जनरेटर रुसला की मुंजाजीला बोलावणं यायचं. तो जायचा, ऐकायचा आणि रोग सांगायचा. त्याचा रोग चुकला असं मी कधी ऐकलं नाही.

हे कसब त्याने कुठून आणलं तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुंजाजी मूळचा चुडाव्याकडचा. आईबाप ऊसतोड कामगार. दिवाळी झाली की टोळीबरोबर कारखान्यावर जायचे, उन्हाळ्यात परत यायचे. मुंजाजी उसाच्या फडातच जन्मला. लग्न झालं तेव्हा त्याची आणि गयाबाईची जोडी, म्हणजे टोळीच्या भाषेत एक कोयता. तिशीपर्यंत तो ऊस तोडत होता. कारखान्याच्या आवारात एक जनरेटरचा मिस्तरी होता, त्याच्यापाशी रिकाम्या वेळात बसून बसून हा ऐकायला शिकला. पहिलं मिस्तरीचं काम मिळालं त्या दिवशी त्याने आपला कोयता नदीत फेकून दिला. गयाबाई त्याच्यावर आठ दिवस रुसली होती, कारण तोच कोयता शेळीचा पाला तोडायला कामाला आला असता. पण मुंजाजीला तो कोयता पुन्हा डोळ्यांपुढे नको होता. माझ्या गोदामामागच्या पत्र्याच्या खोलीत दोघं राहायला आली, आणि दिवाळीनंतर घर सोडायला लागलं नाही अशी वीस-बावीस वर्षं त्यांनी काढली. दर वर्षी टोळ्यांचे ट्रक गावातून निघाले की मुंजाजी रस्त्याच्या कडेला उभा राहून शेवटचा ट्रक दिसेनासा होईपर्यंत बघत राहायचा आणि मग गयाबाईला चहा ठेवायला सांगायचा.

आता ते लग्न.

वैशाख होता. देवगाव फाट्याजवळ मोकळ्या रानात मांडव घातला होता आणि गावची वीज सकाळीच गेली होती. व्हॅनिटीत नवरी नटत होती. दिवे, पंखा, दोन्ही एसी, सगळं लाल अक्षरांप्रमाणे बिनघोर चाललं होतं. मुंजाजी पेटीपाशी उकिडवा बसून होता. त्याचा नेम होता, की मशीन चालू असताना जेवायचं नाही. "सूनबाई राबायलीय अन् मी पंगतीला बसू का?" लग्नघरचे लोक पत्रावळीवर काही आणून द्यायचे, तेही तो मशीन बंद झाल्यावर खायचा.

नवरदेवाचे चुलते मोठं प्रस्थ. त्यांचे पाहुणे व्यासपीठावर घामाने निथळत होते. त्यांनी मला बोलावून विचारलं, की तुमच्या गाडीत पोरीबाळी एसीत बसल्यात आणि आमचे पाहुणे उन्हात, हे कसं? मी म्हणालो, त्या जनरेटरवर आणखी ओझं चालत नाही. ते म्हणाले, "चालत न्हाई हे मशीन सांगतं का तुमचा मिस्तरी?" आजूबाजूचे हसले. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं.

व्यासपीठावरचे कूलर वीज गेल्यामुळे बंद होते, पण मुंजाजी ते जनरेटरवर जोडू देणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून मी त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, की आज तू पहिल्या पंगतीला बसायचं, माझी शपथ आहे. तो नको नको म्हणत होता. मी त्याचा दंड धरून उठवला. त्याने पेटीला कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि संकोचाने मांडवामागच्या पंगतीत पाहुण्यांत जाऊन बसला. गयाबाई पुढे कितीदा तरी म्हणाली, की मालकांनी त्या दिवशी स्वतः उठवून जेवायला धाडलं होतं, एवढी माया. त्याला जेवायला धाडलं ते मायेने नव्हे.

तो गेल्यावर मी कुलूप काढलं. बटणांच्या बाजूने वायर जोडली तर सुरक्षेचा खटका पडेल, म्हणून मी नट ढिला करून ती सरळ जनरेटरच्या तोंडालाच बांधली आणि दुसऱ्या टोकाला व्यासपीठावरचे तीन मोठे पत्र्याचे कूलर जोडले. मंडपवाला माणूस, चाळीस वर्षं असल्या जोडण्या करत आलो होतो. कूलर फिरले. चुलत्यांनी लांबून हात वर केला. मीही केला.

दोन मिनिटंही झाली नसतील. इंजिन घोगरं झालं, दाबलं जाऊ लागलं. गाडीतले दिवे पिवळे पडले. मग एसीतून जळका वास आणि धूर. मी घाबरलो आणि वायर एका हिसड्यात ओढून काढली. सगळं ओझं एकदम उतरलं तसं मशीन मोकाट सुटलं आणि आरशाभोवतीचे बल्ब एकामागून एक फुटत गेले. आतून किंकाळी आली. लोक नवरीकडे धावले. मी नट हातानेच कसाबसा फिरवला, वायर गुंडाळली आणि सतरंजीच्या वळकटीत सारली. नवरी बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत काचा चमकत होत्या आणि कपाळावर, जिथे कुंकू लावतात तिथेच, रक्ताचा एक थेंब होता. बाकी काही लागलं नव्हतं. पण तो थेंब साऱ्या मांडवाने पाहिला.

चुलत्यांनी विचारलं, हे मशीन कोण पाहतं. मी म्हणालो, "मिस्तरी पाहतो. त्यानेच काहीतरी ढिलं सोडलं असणार."

मुंजाजी पंगतीतून तसाच उठून आला होता. उजव्या हाताला वरणभात लागलेला. चुलत्यांनी त्याच्या कानाखाली मारली. त्याने गालाला हात लावला नाही, हात खरकटा होता म्हणून. तो पेटीपाशी बसला, आत पाहिलं, नट बोटाने हलवून बघितला आणि माझ्याकडे वळून त्याचा शेवटचा प्रश्न विचारला. "मालक, मी जेवायला गेल्यावर कुणी काही जोडलं का?"

मी म्हणालो, "नाही. किल्ली माझ्यापाशी होती."

तेवढंच. कूलरचा हट्ट चुलत्यांचाच होता, म्हणून त्यांनीही कूलरचं नाव काढलं नाही. भीतीने बोललो असं म्हणावं तर ते अर्धं खरं. चार लोकांत मालकाची चूक दिसू नये, एवढ्यासाठी बोललो. मालकाने नाही म्हटल्यावर मुंजाजीच्या लेखी तो प्रश्न कायमचा मिटला. उरलेलं सगळं त्याने स्वतःकडे आणि मशीनकडे घेतलं.

त्याची अडचण अशी होती. एसी जळला म्हणजे विजेचा दाब कमी पडला. बल्ब फुटले म्हणजे दाब जास्त झाला. "एकाच मशीनला एकाच टायमाला दोन उलटे रोग कसे व्हतील, मालक? एकतर माणूस उपाशी मरतं, न्हाईतर जास्ती खाऊन. दोन्हीनं कसं मरंल?" नट ढिला सापडला होता, तो आपणच आवळायचा विसरलो हे त्याने मान्य करून टाकलं. पण नट ढिला असता तर दिवे मिचमिचले असते, फुटले नसते. म्हणजे नटाशिवाय आणखी काहीतरी आहे. ते शोधायचं त्याने मनावर घेतलं.

आणि ते सापडेपर्यंत त्याने दुसऱ्या कुणाच्या जनरेटरला हात लावला नाही. लोकांनी आधी बोलावणं कमी केलं हे खरं, पण जे आले त्यांनाही त्याने परत पाठवलं. गिरणीवाला हात जोडून उभा राहिला तर हा म्हणाला, "माझ्या घरचा मुर्दा अजून झाकलेला न्हाई, तुझ्या घरी कुठं येऊ?" मी त्याला पुष्कळ समजावलं. खरं सोडून जे जे सांगता येण्यासारखं होतं ते सगळं सांगितलं.

त्या दिवाळीनंतर मुंजाजीने नवा कोयता घेतला. पन्नाशी उलटलेला नवरा आणि गुडघे धरून उठणारी बायको, टोळीच्या ट्रकमध्ये चढून गेली. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो.

पाच वर्षं असं चाललं. उन्हाळ्यात दोघं परत यायची. मुंजाजी खोलीत गाठोडं टाकायचा आणि पाणीही न पिता गोदामामागे उभ्या असलेल्या व्हॅनिटीकडे जायचा. फडात ऊस तोडताना वर्षभराचं एक अनुमान त्याने तयार केलेलं असायचं. एका वर्षी विजेचा दाब सांभाळणारी डबी संशयात होती, ती बदलली. एका वर्षी उंदरांवर आळ आला, त्याने सगळ्या वायरी उघडून बोटभर बोटभर तपासल्या. एका वर्षी त्याला वाटलं की अर्थिंगची जमीन कोरडी आहे. त्या उन्हाळ्यात तो रोज संध्याकाळी जमिनीत गाडलेल्या सळईला तांब्याने मिठाचं पाणी घालायचा, तुळशीला घालावं तसं. गयाबाई म्हणायची, "आता हिलाच प्रदक्षिणा घाला."

नसलेले रोग बरे करता करता त्याने त्या जनरेटरचा असा काही कायापालट केला, की नवाही इतका सुरेख चालला नसता. हेच त्याचं दुःख होतं. कान लावून ऐकायचा आणि म्हणायचा, "लय चांगली चालायलीय. हेच तं वाईट हाय."

तिसऱ्या वर्षी त्याने ते लग्न पुन्हा लावायचं ठरवलं. सगळं तसंच झालं पाहिजे, तेव्हा फॉल्ट बाहेर येईल. भर दुपार, वैशाखच, दोन्ही एसी, दिवे, पंखा, केस वाळवायचं यंत्र, इस्त्री. एसी आणि बल्ब त्याने कुठून कुठून मिळवून बसवले होते. नवरी पाहिजे होती. गयाबाईला आत इस्त्री चालू ठेवायला बसवलं होतं, म्हणून नवरी मी झालो. सत्तरी ओलांडलेला माणूस आरशापुढे खुर्चीवर बसलो, चारी बाजूंनी बल्ब पेटलेले, आणि खालून मुंजाजीचा आवाज. "मालक, आधी वाचून दाखवा." मी "आधी दिवे, मग पंखा" सगळं वाचलं. "आता पफ लावा." लावला म्हणालो. "न्हाई, खरंच हात फिरवा. नवरी हलती-डुलती, वजनाचा बी फरक पडतो." मी रिकाम्या हाताने गालांवर पफ फिरवला. आरशात माझाच चेहरा इतक्या उजेडात मी कधी पाहिला नव्हता. मुंजाजी दर थोड्या वेळाने विचारत होता, "आता कुणी काही जोडलं न्हाई ना?" आणि मी आरशात बघत म्हणत होतो, नाही. दोन तास मशीन चाललं. एकही बल्ब फुटला नाही. मुंजाजी वर आला, माझ्याकडे बघून म्हणाला की तुमी चांगले बसलाव, दोष तुमच्यात न्हाई, आणि उंबऱ्यावर बसून रडला.

त्या दिवशी तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आठ दिवस आधी गयाबाई आमच्या घरी आली. ती मला भाऊ म्हणते. गुडघे आता वाकत नव्हते, पायरीवरच टेकली. तिने सांगितलं, की मुंजाजी फडावर ऊस तोडता तोडता थांबतो आणि हवेत नट फिरवतो. मुकादम हसतो, पोरं नक्कल करतात. मग म्हणाली, "भाऊ, त्यायला सांगा का फॉल्ट सापडला. खोटं का व्हईना. म्हना, तवा कुणीतरी चोरून काहीतरी जोडलं व्हतं अन् काढून बी घेतलं. दोन्ही रोग बसतात न्हवं असं? मीच फडावर इचार करून काढलंय. तुमी सांगितलं तं ऐकतेल. मंग ते परत मिस्तरीकी करतेल, कोयता सुटंल आमचा."

पाच वर्षं मुंजाजीला न सापडलेला फॉल्ट त्या बाईने ऊस तोडता तोडता काढला होता, आणि खोटं म्हणून माझ्या हातात ठेवला होता.

मी त्याच दुपारी गेलो. मुंजाजी गाडीच्या सावलीत पोत्यावर बसून एका जुन्या ताटात रॉकेल घेऊन नट धूत होता. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. कूलर, किल्ली, पंगत, वायर, वळकटी. वायर पांढरी होती हेसुद्धा सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. माझं झाल्यावर त्याने एकेक नट फडक्यावर काढून ठेवला, हात पुसले आणि हसला.

"गयानं सांगितलं न्हवं, असं बोलायला?"

मी म्हणालो, ती बोलली हे खरं, पण हेही खरं आहे. तो म्हणाला, "कूलर किती व्हते म्हनलाव?" मी म्हणालो, तीन. "बराबर. लय बारीक इचार करून आलाव." मग त्याचा आवाज बदलला. "मालक, जल्मापासून दुसऱ्याचंच माझ्या अंगावर येत गेलं. मुकादमाचं आलं, ट्रकवाल्याचं आलं. माझं कुणी आपल्या अंगावर घ्यावं, हे आज पयल्यांदा. पर नका घेऊ. नट मीच ढिला सोडला व्हता. हाताची चूक हाताला मालूम असती."

मी माझ्या मुलाची शपथ घ्यायला लागलो. त्याने घाईने माझ्या तोंडावर हात ठेवला. रॉकेलचा वास येत होता. "लेकराची शपथ खोट्यासाठी घेऊ नये, मालक," तो म्हणाला. "तुमी बोललाव, तेवढ्यात माझं भरून पावलं."

त्या दुपारी तो गाडीखालीच पोत्यावर झोपला. दिवसा झोपलेला मुंजाजी मी पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने फाट्यावरच्या हॉटेलात सगळ्यांना उभं राहून सांगितलं, की मालक असावा तर असा, मिस्तरीची चूक आपल्या अंगावर घेत होता, मीच घेऊ दिली नाही. मी गेलो तर चारजण उठून उभे राहिले. मी म्हणालो, अरे, खरंच माझी चूक होती. तर हॉटेलवाला बाकीच्यांकडे पाहून म्हणाला, "बघा, अजून बी म्हनायलेत." बोरीत माझी इज्जत कधी नव्हती एवढी वाढली. मुलालाही सांगून पाहिलं. तो म्हणाला, बाबा, झालं ना आता, त्याला बरं वाटलं ना.

मुंजाजीने जनरेटर पुन्हा कधी उघडला नाही. शोधणं थांबलं. पण दुसऱ्याच्या मशीनलाही हात लावायला तो तयार झाला नाही. नट मीच सोडला, हे आता त्याच्यासाठी पक्कं झालं होतं, आणि तेही माझ्या सांगण्यामुळेच. ज्या चुकीवर मालक पांघरूण घालायला बघतो ती आपलीच असणार, असा त्याचा हिशोब.

दिवाळी झाली. सकाळी आठच्या सुमाराला टोळीचा ट्रक आला. भांडी, गोधड्या, शेळ्या, माणसं, सगळं एकावर एक. मुंजाजी आधी चढला आणि वरून माणसांना सरकायला सांगून त्याने गयाबाईपुरती जागा केली, खाली गोधडी दुमडून घातली, गुडघे लांब करता येतील असं गाठोडं टेकवलं. त्याचं हे चाललं होतं तेव्हा गयाबाई खाली माझ्यापाशी उभी होती.

"भाऊ," ती म्हणाली, "मी तुमाला 'कुणीतरी' म्हना म्हनलं व्हतं. तुमी सोताचं नाव घेतलं म्हनं."

मी तिचं खाली राहिलेलं बोचकं उचलून वर मुंजाजीकडे दिलं.

"अन् कूलर तीन व्हते, हे कुठून काढलं?"

"तीनच होते, गयाबाई," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पदर खोचला, "बरं," म्हणाली, आणि वरून मुंजाजीने हात दिला तो धरून चढली. त्याने तिला बसवलं, तिच्या गुडघ्यांवर पटकूर टाकलं आणि ट्रक हलला तसा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमच्या मालकायला रामराम करा रे."

ट्रकमधल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले, पोरांनीसुद्धा. मुंजाजीने दोन्ही हात कपाळाला लावले. गयाबाईचे हात मोकळे होते. तिने ते मांडीवर तसेच ठेवले.